बाळंतिणीच्या खोलीचा गिलावा

१

एक होता भट्टीवाला, एक होती त्याची बायको. त्यांना एक मुलगा, मुलाला बायको, आणि त्या बायकोच्या पोटात सातवा महिना लागलेला जीव. अशी साडेचार माणसं समुद्राच्या इतकी कडेला राहायची की मोठ्या भरतीला उंबरठ्यावर बसून पाय धुता यायचे. भट्टीवाल्याची बायको म्हणजे मी.

धंदा चुन्याचा. ‘आम्ही अख्ख्या गावाला चुना लावतो,’ असं आमचे हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. चाळीस वर्षं तोच विनोद. मीही चाळीस वर्षं हसले, कारण हसले नाही तर ते समजावून सांगायला लागत.

वादळ होऊन गेलं की किनाऱ्यावर शिंपले आणि पोवळ्यांचे मेलेले तुकडे येऊन पडायचे. ते पाट्या भरभरून आणायचे, वाळवायचे, भट्टीत लाकडाच्या थरांवर रचून दोन दिवस भाजायचे. भाजलेली कळी, म्हणजे चुन्याचे कोरडे खडे, पाण्यात टाकली की फसफसते, उकळते, अंगावर उडते. मग तो चुना हौदात पाण्याखाली वर्षभर निजवायचा. हो, निजवायचा असंच म्हणायचो आम्ही. वर्षभर निजलेला चुना बोटावर लोण्यासारखा लागतो, आणि भिंतीवर गेला की तीन पिढ्या हलत नाही. हौद माझ्याकडे होते. कुठला कधी भरला, कुठला कधी उपसायचा हे सगळं माझ्या डोक्यात. लिहितावाचता येत नाही त्याला डोकं रिकामं ठेवून चालत नाही.

सासूबाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. समुद्राने आपणहून टाकलं तेवढंच उचलायचं, आत जाऊन तोडायचं नाही. आणि वर्ष भरल्याशिवाय हौदाला हात लावायचा नाही. दुसरीचं कारण त्यांनी सांगितलं होतं: कच्च्या चुन्यात न विझलेले कण राहतात, ते भिंतीत गेल्यावर फुटत बसतात. पहिलीचं सांगितलं नाही. सासूला कारण विचारायची छाती कुणाची होती तेव्हा!

आत म्हणजे बांधावर. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्याखाली पोवळ्यांचा बांध होता. दगडासारखा दिसायचा, पण दगड नव्हे तो. तिळाएवढे जीव आपापलं घर बांधतात, मरतात, त्यांच्या घरावर पुढचे बांधतात, अशा कित्येक पिढ्यांचा तो बांध. समुद्राची लाट त्याच्यावर फुटायची आणि आमच्या दारात येईपर्यंत नुसता फेस उरायचा. मासे तिथेच, माशांची पिल्लं तिथेच.

आणि त्याला आवाज होता. गळ्याइतक्या पाण्यात जाऊन डोकं बुडवलं की ऐकू यायचा. तापल्या तव्यावर थेंब उडावेत तशी बारीक तडतड, सगळीकडून, न थांबता. आमचा शेजारी मासेमार होता. तो जाळं टाकण्याआधी वल्हं पाण्यात सोडायचा आणि दांड्याला कान लावायचा. जिथे तडतड दाट तिथे मासा. म्हणून त्याला सगळे कानवाला म्हणत. मला वहिनी म्हणायचा आणि सकाळी एक मासा ओसरीवर टाकून जायचा. ‘घ्या वहिनी, आज बांध बडबडत होता,’ असं म्हणायचा.

२

मग धक्क्याचं काम निघालं, आणि त्याच्या मागोमाग हॉटेलाचं. धक्क्याचा मुकादम आमच्या ओसरीवर येऊन बसला. बोलायला गोड माणूस.

“काका, हॉटेल सगळं पांढरं हवंय मालकीणबाईंना. जुन्या पद्धतीचा गिलावा. तुमच्याशिवाय आहे कोण?”

“किनाऱ्यावर वेचून होईल तेवढा देईन,” हे म्हणाले.

“वेचून?” मुकादम हसला. “पाण्यात डोंगर उभा आहे समोर, आणि तुम्ही कोंबडीसारखे टिपत बसणार?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदराने कपाळ पुसलं. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, ते मी उघडलं नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा एकटे आम्हीच नव्हतो. धक्क्यासाठी तळ उपसणारं यंत्र दिवसभर गाळ ओकत होतं आणि तो गाळ जाऊन बांधावर बसत होता. मागच्या टेकडीवरची झाडं तोडली, तशी नदी लाल होऊन येऊ लागली. दूरच्या होड्या यायच्या, पाण्यात दारूचा बार उडवायच्या, पोटं फुटलेले मासे गोळा करून जायच्या. सगळेच घेत होते, म्हणून आमच्या मुलानेही पहार घेतली. मनाची समजूत घालायला तेवढं पुरतं.

पहिली होडी भरून आली ती मी उतरवली. आयुष्यभर पांढरे, वाळलेले, समुद्राने घासलेले तुकडे बघितलेले. हे जांभळे होते, पिवळे होते, काही कोवळ्या पानासारखे हिरवे. हाताला बुळबुळीत लागले. उन्हात ठेवले तशी त्यांच्यातून धार सुटली, चिकट, अंडं फुटल्यासारखी. दुसऱ्या दिवशी रंग गेले आणि वास सुटला. मी डोक्याला फडकं बांधून काम केलं.

भट्टीत ते शिट्टी वाजवत होते. ओलं असलं की वाफ सुटते, वाफेची शिट्टी होते, त्यात नवल नाही. पण आमचे हे भट्टीजवळ जेवायला बसायचे ते त्या दिवशी ताट घेऊन आत आले.

चुना मात्र असा निघाला की डोळे दिपावेत. मुकादमाने चिमूट हातावर घेऊन फुंकर मारली. “काकू, दूध आहे हे दूध!”

त्याच महिन्यात मुलाने सुनेसाठी खोली बांधायला घेतली. जुन्या घरात भट्टीचा धूर भरायचा, पहिलं बाळंतपण, धुरात नको. भिंती उभ्या राहिल्या, गिलाव्याची वेळ आली. वर्ष भरलेले हौद सगळे हॉटेलात गेलेले. उरला होता तो एकच, नव्या दगडांचा, जेमतेम आठ दिवस निजलेला.

मुलगा हौदाच्या काठावर उभा राहिला. “आई, हा चालेल का? तू सांग. तू म्हणशील तसं.”

चाळीस वर्षांत मी कुणाला कच्चा चुना दिला नव्हता. परक्याच्या गोठ्यालासुद्धा नाही.

“चालेल,” मी म्हणाले. “पोर काय वर्षभर थांबणार आहे पोटात?”

तो हौद मीच उपसला. हाताला गरम लागत होता.

३

खोली सुंदर झाली होती. एक दार, एक खिडकी, एक खाट, कोपऱ्यात पाण्याचा माठ. भिंतींवर उजेड असा पसरायचा की दिवा लागलाय असं वाटावं. सून म्हणायची, “आई, मला तर हॉटेलात राहायला आल्यासारखं वाटतंय.” मी म्हणायचे, “मग निघताना बिल मागेन हो.”

गिलाव्याला पंधरा दिवस झाले असतील. मी खोली झाडत होते. टक्, असं वाजलं. मग जरा वेळाने खिडकीखाली, टक्. वर बघितलं, पाल नाही. खाटेखाली बघितलं, काही नाही. मग भिंतीवरून राईएवढा कण गळून पडला आणि मला हायसं वाटलं. कच्चा चुना! न विझलेला कण फुटला. सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, “फुटायचे तेवढे फुटतील आणि गप्प बसतील. पुढच्या वर्षी वरून एक हात मारू.”

मुलगी झाली ती दुपारी, सगळं सुरळीत. सावळी, ह्यांच्या वळणावर गेलेली, गाल मात्र लालचुटुक. सुईण बाळाला पुसत होती ती मध्येच थांबून म्हणाली, “पाऊस लागला की काय?” आम्ही ऐकलं. बाहेर लख्ख ऊन. तडतड भिंतीत होती. आता एक-एक टक् नव्हती. चारी भिंती मिळून बारीक, दाट, सारखी.

“चुना फुटतोय,” मी म्हणाले.

“फुटू दे बाई,” सुईण म्हणाली, “पोर बघ कशी ऐकतेय.”

पोर रडत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडली होती, दोन तासांची.

महिनाभरात भिंतीवर बारीक खळगे पडले. चुना फुटला की खळगा पडतोच, पण तो वेडावाकडा असतो. हे सगळे सारखे होते. मसुराच्या डाळीएवढे, गोल, आणि आतून कडेपासून मधल्या बिंदूपर्यंत रेघा गेलेल्या, चाकाला आऱ्या असतात तशा. असे खळगे मी हजारो वेळा बघितले होते. पोवळ्याच्या तुकड्यावर असतात ते.

पण तो तुकडा भट्टीत जाऊन लाल झालेला असतो, पाण्यात पडून त्याचं पीठ झालेलं असतं. पिठाला काय आठवणार? मी मनाला दटावलं, आणि भिंतीला पाठ करून बाळाला तेल लावलं.

४

त्याच सुमारास कानवाल्याने सकाळचा मासा टाकणं बंद केलं. एकदा दिसला तर मी चिडवलं, “काय हो भाऊजी, वहिनी जड झाली का?”

तो हसला नाही. “मासा कुठून आणू वहिनी? बांध गप्प आहे. पंधरा दिवस वल्हं लावतोय. आत कुणीच नाही.”

“कान गेला असेल तुमचा.”

“तसं असेल तर बरं होईल,” तो म्हणाला.

मी घरात आले. खोलीत तडतड चालली होती. आणि उभ्या उभ्या मला जाणवलं की दाट वाजतंय, कारण बाहेर पाणी चढतंय.

छे! भरतीला ओल वर येते, ओल लागली की कण फुटतात. सरळ आहे. तरी मी तपासायचं ठरवलं. खोलीतून समुद्र दिसत नाही. खिडकी लावून आत बसायचे, आवाज विरळ झाला की म्हणायचे, आता पाणी उतरायला लागलं, आणि बाहेर जाऊन बघायचे. आठ दिवस बघितलं. एकदाही चुकलं नाही. भिंतीला भरतीची वेळ माझ्यापेक्षा आधी कळत होती.

बाळ त्याच खोलीत झोपायचं. बाहेर आणलं की मान टाकायचं. रडणं नाही, किरकिर नाही, नुसतं सुकायचं, ओठ कोरडे पडायचे. खोलीत नेलं की दूध ओढायचं. सून म्हणाली, “तिला तिथलं गार आवडतं, आई. तुम्ही का तिला सारखी बाहेर काढता?”

“भिंतीला ओल आहे. पोरीला बाधेल.”

“बाधायचं असतं तर आजवर बाधलं असतं,” सून म्हणाली. आणि मग जरा धारेने, “चुना तुम्हीच दिलात ना?”

मी पोरीला परत खोलीत नेऊन ठेवलं.

मी कानवाल्याला बोलावलं. त्याला काही सांगितलं नाही. म्हटलं, ‘वल्हं घेऊन या, जरा काम आहे.’ तो आला. सून बाळाला घेऊन ओसरीवर होती. मी खोलीचं दार लोटलं आणि भिंतीकडे बोट केलं.

“इथे?” तो म्हणाला. “वहिनी, मी मासे पकडतो, उंदीर नाही.”

“लावा तर खरं.”

त्याने वल्ह्याचं पातं भिंतीला टेकवलं, दांड्याला कान लावला, डोळे मिटले. पाण्यावर ऐकताना तो तसाच उभा राहायचा. बराच वेळ गेला. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला ते मी बघत होते.

मग त्याने वल्हं काढलं आणि लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा हात भिंतीवरून फिरवला.

“सगळे इथे आहेत,” तो म्हणाला.

“कोण सगळे?”

दारातून निघताना सुनेच्या मांडीवरच्या बाळाकडे त्याने बघितलं आणि घाईने पुढे गेला. वल्हं माझ्याच दारात विसरला, परत न्यायलाही आला नाही.

५

त्यानंतर आठवडाभराने अमावस्या होती, भरती भर दुपारी आलेली. ऊन फार म्हणून खोलीची खिडकी लावलेली, बाळ खाटेवर निजलेलं, सून धुणं वाळत घालायला गेलेली. मी माठातलं पाणी घ्यायला आत गेले.

तडतड इतकी दाट होती की ती वेगळी ऐकूच येत नव्हती, कानात पाणी गेल्यावर होतं तसं वाटत होतं. खिडकीच्या फटीतून उन्हाची बोटभर रुंद पट्टी भिंतीवर पडली होती. मी पाणी घेतलं आणि सहज त्या पट्टीकडे बघितलं.

प्रत्येक खळग्यातून काहीतरी बाहेर आलं होतं. केसाएवढं बारीक, आरपार दिसणारं, मुठीतून बोटं उघडावीत तसं उघडलेलं. एका खळग्यात नाही, उन्हाच्या पट्टीत होते तेवढ्या सगळ्यांत. आणि ती सगळी बोटं एका बाजूला झुकत होती, थांबत होती, मग दुसऱ्या बाजूला. पाण्याची लाट वरून गेल्यावर खालचं गवत झुकतं तशी. खोलीत वारा नव्हता. माझ्या पदराचं टोकसुद्धा हलत नव्हतं.

मी बाळाकडे बघितलं. डोळे उघडे, दोन्ही हात वर केलेले, दहाही बोटं फाकलेली. तीही एका बाजूला झुकत होती. थांबत होती. मग दुसऱ्या बाजूला.

माझ्या हातून भांडं पडलं. खिडकी उघडली तेव्हा भिंत भिंतीसारखी होती, पांढरी, खळग्यांची. माझ्या डोळ्यांत चाळीस वर्षं चुना गेलाय, उन्हाच्या पट्टीत मला नेहमीच काहीबाही तरंगताना दिसतं. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं, अजूनही सांगते.

पण तेव्हा मी थापी आणली. गिलावाच काढून टाकायचा, नुसता दगड राहू दे. बाळ उचललं, बाहेर सुनेच्या हातात दिलं, दार आतून लावलं आणि कोपऱ्यातून खरडायला सुरुवात केली. वितभर जागा खरडली. वरचा पापुद्रा गेला आणि आत ओलं लागलं. गुलाबी होतं. पापणी आतून असते तसं.

बाहेर सून ओरडली. मी दार उघडलं तर बाळ तिच्या हातात लाकडासारखं ताठ झालं होतं, तोंड उघडं, आवाज नाही, श्वास नाही.

“आई! काय केलंत? काय करताय आत?”

मी थापी टाकली. काही क्षणांनी बाळाने श्वास घेतला. मुलं कधीकधी श्वास धरून ठेवतात, सुईणही तेच म्हणाली. तरी थापी मी विहिरीत टाकून दिली. परत कधी हात चालला नसता, आणि चालला असता तर त्याचीच भीती.

६

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? नात वाढत होती. तीन वर्षांची झाली, बोलू लागली. पण भरतीला बोलायची, ओहोटीला गप्प. हे म्हणायचे, “माझी नात समुद्राची बायको होणार.” सून म्हणायची, “बाबा, काहीतरीच तुमचं.” हसतं घर होतं आमचं, तसं म्हटलं तर. मी मनात एकच धरून होते: भिंत आहे तोवर पोर आहे. म्हणून मी त्या भिंतीला जपायला लागले. खिळा ठोकू दिला नाही. चुना मारू दिला नाही.

चौथ्या वर्षी तो उन्हाळा आला. पाणी तापलं. किनाऱ्यावर पाय बुडवला तर आंघोळीला काढलेल्या पाण्यासारखं लागायचं. सकाळी तसंच, संध्याकाळी तसंच. महिना झाला, दीड महिना झाला, निवेना. आणि जेवढा म्हणून बांध पहारीतून आणि गाळातून वाचला होता तो पांढरा पडला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ओहोटीला काठावरून दिसायचा, पाण्याखाली बर्फ पडल्यासारखा.

लोक होड्या भरून बघायला येऊ लागले. हॉटेल भरलं. काय सुंदर, म्हणायचे.

कानवाला गाव सोडून चालला होता, शहरात कुठेतरी पहारेकरी म्हणून. निरोप घ्यायला आला.

“पांढरं म्हणजे मेलेलं नाही, वहिनी,” तो म्हणाला. “माशांचा अभ्यास करणारे साहेब माझ्या होडीत असायचे, ते सांगायचे. पोवळ्याच्या अंगात त्याहून बारीक जीव राहतात. रंग त्यांचाच, आणि अन्नही तेच पुरवतात. पाणी फार तापलं की पोवळं त्यांना हाकलून देतं. मग ते पांढरं दिसतं. उपाशी असतं.”

“मग?”

“पाणी वेळेत निवलं तर ते परत येतात.”

“आणि नाही निवलं तर?”

त्याने खोलीच्या दाराकडे बघितलं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मला तेव्हा लक्षात आलं की चार दिवस झाले, भरती असो की ओहोटी, भिंत गप्प आहे.

“पोरीला गार पाण्यात बसवत जा,” तो म्हणाला आणि गेला.

मी बसवत होते. दिवसातून सहा वेळा, विहिरीचं पाणी काढून. विहीरही तोवर खारट झाली होती, बांध खचला तसं समुद्राने जमिनीखालून हात आत घातला होता. नात टपात बसायची, मी तिच्या अंगावर तांब्याने पाणी घालायचे. सावळा रंग उतरत होता. आधी बोटांच्या टोकांपासून, मग गाल, मग सगळीकडून. जेवण सुटलं. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, मूल नाजूक आहे, बाकी ठणठणीत.

एक दिवस टपात बसलेली असताना ती म्हणाली, “आजी, माझ्यात राहायचे ते गेले.”

“कोण गं?”

“मला फार उकडत होतं म्हणून रागावले मी. मग सगळे गेले.” आणि मग माझ्याकडे बघून, मोठ्या माणसासारखं, “तू नको रडूस. पाण्यात पाणी पडतं.”

शेजारणी यायच्या. हनुवटी धरून बघायच्या. “काय गोरी झाली हो पोर! आजी, काय लावता तिला? आम्हालाही सांगा की!”

सून हसायची. मी तिला कधी एवढी खुश बघितली नव्हती.

७

पावसाळ्यात लाटा अडवायला काही उरलं नव्हतं. खालच्या आळीतली घरं एकेक करून गेली. आमचं गेलं ते एका दिवसात. पहिली गेली ती बाळंतिणीची खोली. दिवसाउजेडी, आम्ही सामान काढत असताना, समुद्राने ती कडेवर घेतल्यासारखी उचलली. पांढरा चुना पाण्यात पसरला आणि विरला. मी नातीकडे बघितलं. ती मुलाच्या खांद्यावर होती. डोळे मिटलेले, तोंडावर काहीच नाही. श्वास चालू होता. मी मोजला.

आणि तिथून आमचे दिवस पालटले. वाईट दिवस संपले, असं सगळे म्हणतात.

पांढऱ्या बांधाची छायाचित्रं काढायला एक माणूस आला होता, त्याने किनाऱ्यावर नातीचंही काढलं होतं. ते हॉटेलवाल्यांना इतकं आवडलं की धक्क्यावर मोठा फलक लावला: पांढरी वाळू, पांढरं पाणी, पांढरी मुलगी. होडीतून उतरणारा प्रत्येक माणूस आधी तिला बघतो. हॉटेलच्या मालकिणीने आम्हाला टेकडीवर घर दिलं. नवं, सिमेंटचं. नळाला गोड पाणी. मुलाला हॉटेलात कायमची नोकरी, ह्यांना बागेत बसून राहण्याचं काम. भट्टी सुटली. ह्यांचा खोकला गेला. सूनबाईंना पुन्हा दिवस गेलेत.

मी मागच्या महिन्यात एकटी खाली गेले होते, मोठ्या ओहोटीला. बांध आता पांढरा नाही. त्याच्यावर तपकिरी-हिरवी शेवाळ आली आहे, मऊ, लोंबणारी. बोट लावलं तर खालचं पीठ होऊन वाहून गेलं. एक मासा दिसला नाही. डोकं बुडवून बघितलं. चाळीस वर्षांत पाण्याखाली अशी शांतता मी ऐकली नव्हती. पाणी अजून कोमटच होतं.

आज सकाळी नातीची वेणी घालायला बसले. ती खिडकीत बसते, तिथून हलत नाही, बोलत नाही, दूधभात भरवला तर गिळते. केस वर घेतले तर कानामागे काहीतरी लागलेलं दिसलं. मळ असेल म्हणून पदराचं टोक ओलं करून पुसलं. निघालं नाही. नखाएवढी जागा, तपकिरी-हिरवी, मऊ. मी परत पुसलं, जरा जोराने. बोटाला पांढरं पीठ लागलं.

मी केस खाली सोडले. वेणी घातली, घट्ट, कान झाकून.

तेवढ्यात सून धावत आली, हातात कागद, मागे मुलगा, मुलाच्या मागे हे, सगळ्यांचे चेहरे उजळलेले. “आई! घर झालं! नुसतं राहायला नाही, कायमचं. मालकिणीने हिच्या नावावर केलं, बघा, हिचं नाव छापलंय!” मुलाने वाकून माझ्या पायाला हात लावला. शेजारच्या बायका दारात जमल्या, कुणी नातीच्या गालावरून बोटं फिरवली, कुणी म्हणालं, “अशी पोर नशिबात असावी लागते हो.”

मी तिला मांडीवर ओढून घेतलं आणि सगळ्यांना हो म्हटलं. घर पक्कं आहे, नळाला पाणी गोड आहे, मुलाची नोकरी कायमची आहे, आणि दुसरं बाळ वाटेवर आहे. एवढं भाग्य आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.